चौथी चिठ्ठी

आमच्या वन्सं संशोधन केंद्रात नेमकं काय करतात, हे मला लग्नानंतर सहा वर्षं कळलं नव्हतं. कुणी विचारलं तर "आकड्यांचं काम आहे" म्हणून मी मोकळी व्हायची. शेजारणी समजायच्या, बँकेत असतील. एकीने तर जिन्यात गाठून त्यांना लॉकरची किल्ली हरवल्याचं गाऱ्हाणं सांगितलं. वन्संनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "अशा वर्षाला साधारण किती किल्ल्या हरवतात, काही नोंद आहे का?" बाई परत वाटेला गेली नाही.

शेवटी मला समजावलं ते बाल्कनीतल्या कुंड्यांनी. हे, म्हणजे माझे यजमान, वन्संपेक्षा चार वर्षांनी धाकटे. त्यांनी कुठलंसं नवं खत आणून तीन कुंड्यांत घातलं आणि महिन्याभराने घरभर जाहीर केलं की खताने कमाल केली. वन्संनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

"कोणत्या कुंड्यांना घातलंस?"

"ह्या कठड्याजवळच्या. हाताशी होत्या."

"आणि ऊन कुठे येतं?"

"कठड्याजवळ."

"मग कौतुक खताचं चाललंय की सूर्याचं?"

मी पदराआड हसले. मग वन्संनी मला सांगितलं, की माणसांच्या औषधांचंही हेच होतं. डॉक्टर नवं औषध देतो आणि रोगी बरा होतो. पण डॉक्टरने ते ज्याला दिलं, तो मुळातच उन्हातला असेल तर? म्हणून कुणाला नवं आणि कुणाला जुनं हे डॉक्टरने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. बंद पाकिटातली चिठ्ठी रोग्याने होकार दिल्यावरच उघडायची. चिठ्ठ्या कशा बनवायच्या, कुणाला दिसू न देता कशा वाटायच्या आणि शेवटी कुणाला मोजायचं, हे सगळं वन्संचं काम.

"म्हणजे माणसाच्या हातून काढून घ्यायचं," मी म्हटलं. "मग राहतं कुणाच्या हातात?"

"कुणाच्याच नाही. तीच तर गंमत आहे."

मी देवाला मानणारी आणि वन्सं देवाच्या वाटेला न जाणाऱ्या. मी मनात म्हटलं, तुम्ही म्हणा कुणाच्याच नाही, मला माहीत आहे कुणाच्या. पण त्या दिवसापासून त्यांच्या कामाबद्दल मला आदर वाटू लागला. आमच्या घरात देवावर सगळ्यात जास्त सोपवणारी बाई नास्तिक निघाली.

त्या केंद्रात लागल्या तेव्हा त्यांना सगळे "चिठ्ठीवाली" म्हणायचे. एक शल्यचिकित्सक पाकिटं खिडकीशी धरून आतलं अक्षर वाचायचे आणि आवडत्या रोग्याला हवी ती चिठ्ठी मिळेपर्यंत पाकिटं मागे-पुढे करायचे. वन्संनी भांडण केलं नाही. फोटोच्या कागदाच्या गठ्ठ्यात येतो तसा जाड काळा कागद मागवला आणि प्रत्येक पाकिटाला आतून लावला. शल्यचिकित्सकांनी तक्रार केली की ही बाई डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाही. वन्सं म्हणाल्या, "मी स्वतःवरही ठेवत नाही, तुम्ही एकटे नाही आहात."

पुढे नाव पडलं "थांबाबाई". कारण कुणी हर्षाने आकडे घेऊन आला की त्यांचा पहिला शब्द ठरलेला. थांबा, मध्येच सोडून गेलेली माणसं कुठे आहेत? थांबा, ठरवलं होतं ताप मोजायचं, आता भूक का मोजताय? सोडून गेलेल्यांवर तर त्यांनी सात वर्षं काढली. अभ्यासातून जे रोगी यायचे बंद होतात त्यांना लोक बिनदिक्कत वगळायचे. वन्संचं म्हणणं, जे येत नाहीत तेच खरं सांगतात. एकदा मला घेऊन त्या चार मजले चढून एका रंगाऱ्याकडे गेल्या. तो औषध सोडून गायब झाला होता. दारातच म्हणाला, "गोळी घेतली की शिडीवर चक्कर येते. पोट भरू की रोग बरा करू?" वन्संनी त्याचे आभार मानले आणि उतरताना मला म्हणाल्या, "हा माणूस आमच्या कागदावर 'माहिती उपलब्ध नाही' होता." अशी माणसं हिशेबात कशी धरायची यावर त्यांनी जे लिहिलं, ते आता शिकवलं जातं म्हणे. एवढं सगळं करून बाई विभागप्रमुख मात्र झाल्या नव्हत्या. ती खुर्ची यंदा रिकामी व्हायची होती आणि ती त्यांनाच मिळणार हे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. संचालक त्यांच्यापेक्षा वयाने लहान आणि कधीकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

केंद्राचं नाव झालं ते नऊ वर्षांपूर्वी, पट्टीच्या अभ्यासाने. साखरेच्या रोग्यांच्या पायाला जखमा होतात आणि महिनोन् महिने भरत नाहीत. त्यासाठी एक नवी चिकट पट्टी निघाली होती. ती चांगली की जुनं मलम आणि जाळीचं कापड चांगलं, हा प्रश्न. रोगी तीनशे बारा. पट्टीच्या एकशे छप्पन्नांपैकी एकशे तिघांच्या जखमा भरल्या आणि मलमाच्या तेवढ्यांतल्या ब्याऐंशींच्या. चिठ्ठ्या वन्संच्या, हिशेब वन्संचा, निबंधावर पहिलं नाव वन्संचं. त्या निबंधाच्या जोरावर ती पट्टी सगळ्या सरकारी दवाखान्यांत सक्तीची करावी, असा प्रस्ताव यंदा समितीपुढे आला होता.

अशा वेळी आमच्याकडे मोठ्या सिस्टर चहाला आल्या.

पट्टीचा अभ्यास झाला त्या वॉर्डात तेव्हा त्यांचंच राज्य होतं. आता निवृत्त झालेल्या, जाडजूड, हसऱ्या. वन्संना त्या तोंडावर "थांबाबाई" म्हणायच्या आणि वन्सं ते त्यांच्याकडूनच ऐकून घ्यायच्या. गप्पा रंगल्या. मी बिस्किटं काढत होते तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तुमची ती पाकिटं हो! काय तो काळा कागद, काय ते सील! आणि आम्ही आपले न उघडता सांगायचो."

वन्संचा कप ओठाशीच राहिला. "काय सांगायचात?"

"चौथीत काय आहे ते. अहो, चार-चार पाकिटांची जुडगी दोऱ्याने बांधून तुम्हीच पाठवायचात ना? हरवू नयेत म्हणून? पाच-सहा जुडगी झाली तेव्हा लक्षात आलं, प्रत्येकात दोन पट्ट्या आणि दोन मलमं. तीन उघडली की चौथं काय ते शेंबडं पोरही सांगेल."

"आणि मग?"

"मग काय, कुणाला कळलंय म्हणून जगबुडी होते?" सिस्टर हसल्या. वन्सं हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "एखादी म्हातारी अगदी गळालेली असली आणि चौथी पट्टीची असली, तर तिला म्हणायचो, आजी, उद्या या. ती पट्टी काढताना कातडी सोलायची हो. नाजूक जिवाला कशाला? धडधाकट कुणी आला की त्याला ती चौथी. आणि चौथं मलम असलं की आजीला आधी घ्यायचो."

"सगळ्या जुडग्यांत?"

"जमेल तिथे."

सिस्टर गेल्यावर वन्संनी कपबशा स्वतः विसळल्या. एकोणतीस वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुला कळलं काय झालं ते?"

मला कळलं होतं. कठड्याजवळच्या कुंड्यांना पट्टी गेली होती. आणि जे कुणाच्याच हातात नसायला हवं होतं, ते वॉर्डातल्या हातांत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा घेतली आणि जेवणाच्या टेबलावर जुना सगळा अभ्यास उघडला. मी शेजारी बसून भाजी निवडत होते. त्यांनी तीनशे बारा माणसांना त्यांच्या पाकिटाच्या क्रमाने लावलं. चौथ्या पाकिटाचे पट्टीवाले तरुण, जखमा लहान. चौथ्या पाकिटाचे मलमवाले म्हातारे, जखमा खोल. पहिल्या पाकिटांत असा काही फरक नव्हता.

"तर मग चौथी तेवढी काढून टाका की," मी म्हटलं.

"पहिली दोन सारखी निघाली तर तिसरीही कळते. दुसरीचाही अंदाज बांधता येतो. फक्त पहिली कुणालाच कळत नाही." मग त्यांनी नुसती पहिली पाकिटं मोजली. पट्टीचे चाळीस, भरल्या तेवीस. मलमाचे अडतीस, भरल्या वीस. माझ्यासारखीलाही दिसत होतं की यात फारसं काही उरलं नाही.

"म्हणजे पट्टी वाईट?"

"एवढ्या थोड्यांवरून वाईट म्हणता येत नाही. पण चांगली म्हणण्याचा माझा हक्क गेला." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोरच्या इमारतीला शिडी लावून कुणी पाइप बदलत होतं. "आणि संच किती चिठ्ठ्यांचा आहे ते कुणाला कळू देऊ नका, हे मीच पुस्तकात लिहिलंय. मी सांगितलं नाहीच कुणाला. दोऱ्याने बांधून दिलं! चार हा आकडा मला आवडायचा. दोन्ही पारडी कधी फार हलत नाहीत. टापटिपीची हौस."

त्यांनी दुपारी पत्रं लिहिली. एक तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला, एक समितीला. दोन्हीत लिहिलं की निष्कर्ष मागे घेत आहे आणि अभ्यास पुन्हा करावा. मग सिस्टरना फोन लावला, कारण त्यांच्या पाठीमागे काही करायचं नव्हतं. पलीकडचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

"मी दया केली, थांबाबाई! गुन्हा नाही केला! या वयात माझं नाव चव्हाट्यावर आणणार?"

"तुमचं नाव कुठेच नाही. चूक माझी आहे असं लिहिलंय."

"पण लोक म्हणतील सिस्टरनी चोरून…"

"तुम्ही पाकीट फोडलं नाहीत. तुम्ही मोजलंत. मोजता येईल असं मी ठेवलं. वॉर्डात दया करणारी माणसं असणार, हे मला धरून चालायला हवं होतं."

सिस्टरनी फोन आपटला. नंतर कित्येक आठवडे बोलल्या नाहीत.

ह्यांचा जीव टांगणीला. "ताई, विकतचं दुखणं का घेतेस? नऊ वर्षं झाली. पट्टीने कुणी मेलं का?"

"ते मला माहीत नाही. तेच तर."

"महिन्याभरात खुर्ची मिळतेय तुला. आधी बस, मग लिही."

"खुर्चीत बसून लिहिलं तर लोक म्हणतील, खुर्ची मिळेपर्यंत थांबली. आणि तोवर पट्टी गावोगाव गेलेली असेल."

"तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं," असं म्हणून हे खरोखरच भिंतीशी जाऊन उभे राहिले. डोकं मात्र आपटलं नाही.

पत्रांची प्रत वन्संनी आधी संचालकांना दिली होती. चौथ्या दिवशी ते घरी आले, फळांची करंडी घेऊन. माझ्या रोजनिशीत त्या दिवसाच्या नोंदीखाली मी नंतर लिहिलं, "फळं चांगली होती, बेत वाईट होता." ते वन्संना "बाई" म्हणतात, शिकत होते तेव्हापासून.

"बाई, तुमचा प्रामाणिकपणा कोण नाकारतंय? पण केंद्राचा विचार करा. त्या निबंधावर आपलं नाव उभं आहे."

"पोकळ आहे तो. आपलं नाव पोकळीवर उभं आहे."

"बरं, पत्र पाठवायचंच असेल तर मजकूर थोडा बदलू. वॉर्डातल्या कर्मचाऱ्याकडून नियमभंग झाला, असं लिहा. ती बाई निवृत्त झालीये, तिला काही होणार नाही. तुम्ही स्वच्छ राहता, केंद्र स्वच्छ राहतं. पुढच्या महिन्यात तुम्ही विभागप्रमुख."

"आणि नाही लिहिलं तर?"

संचालकांनी करंडीवरचा कागद नीट केला. "समितीपुढे आपल्याच चुकीचा डंका पिटणाऱ्या माणसाला विभाग कसा देऊ, हे मला वर विचारतील."

"तुम्हाला मी काय शिकवलं होतं? निकाल आवडला नाही म्हणून मोजमाप बदलायचं नाही. आता दोषी आवडला नाही म्हणून दोषी बदलायचा?"

संचालक माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी समजवा. तुम्ही धार्मिक आहात, क्षमा वगैरे तुम्हाला कळतं."

मी दारात उभी होते, हाताला कणीक. बोलायचं नव्हतं, पण त्यांनीच ओढलं. "साहेब, आकडे मला कळत नाहीत. खोटी साक्ष कळते. ती ज्या बाईवर टाकायची म्हणता, तिने त्या म्हाताऱ्यांच्या जखमा स्वतः धुतल्यात. क्षमा मागायची तर तिची मागा. आणि चहा घेणार असाल तर ठेवते."

चहा नको म्हणाले. दार लावून आले तर वन्सं माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "वहिनी, तुझा देव माझ्या बाजूने आहे की काय?"

"तो चिठ्ठीच्या बाजूने आहे," मी म्हटलं. "तुम्ही तिथे योगायोगाने उभ्या आहात."

पत्रं त्याच संध्याकाळी गेली. एक शब्द बदलला नाही.

समितीच्या बैठकीला मी सोबत गेले. कुणी बोलावलं नव्हतं, मागच्या रांगेत बसले. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पंख्याची घरघर. वन्संना बोलायला सात मिनिटं दिली होती. त्यांनी पाच मिनिटांत संपवलं. चार पाकिटांचं जुडगं त्यांनी दोऱ्यासकट टेबलावर ठेवलं आणि तीन उघडून अध्यक्षांना विचारलं, "चौथ्यात काय आहे?"

अध्यक्ष म्हणाले, "मलम."

एका सदस्याने टोमणा मारला, "बाई, स्वतःच्याच निबंधावर तुमचा विश्वास नाही?"

"निबंध माझा आहे म्हणून तर ठाऊक आहे तो कुठे पोकळ आहे ते."

"या विषयावर तुम्ही पुस्तकात प्रकरण लिहिलंय ना? आम्ही ते शिकवतो."

"शिकवा. त्यात ही चूक करू नका असंच लिहिलंय. पुढच्या आवृत्तीत उदाहरण म्हणून मला घाला."

कुणीतरी हसलं. टेबलाच्या त्या टोकाचे संचालक हसले नाहीत. प्रस्ताव पुढे ढकलला गेला, तोही जेमतेम एका मताच्या फरकाने. बाहेर येताना दोन तरुण मुली वन्संच्या मागे आल्या आणि काही न बोलता परत गेल्या. वन्सं म्हणाल्या, "बहुतेक त्यांच्याकडेही दोरा असेल."

खुर्ची गेली. वन्संपेक्षा दहा वर्षांनी लहान गृहस्थ विभागप्रमुख झाले आणि त्यांनी वन्संना जुन्या नोंदींच्या कोठारालगतची खोली दिली. तिथे एकच खिडकी, तीही जिन्यात उघडणारी. ह्यांनी सुचवलं, आता लवकर निवृत्ती घे आणि घरी आराम कर. "आराम हरलेल्यांनी करावा," वन्सं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या वीस मिनिटं आधी निघाल्या.

त्यांनी पट्टीचा अभ्यास नव्याने करण्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला, "प्राधान्य नाही" म्हणून. दुसरा केला. तोही परत आला, "सदर विषय केंद्राने यापूर्वी हाताळला आहे." वन्संनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, "चुकीचा."

दरम्यान एका रविवारी सिस्टर आल्या. दारातच म्हणाल्या, "मी बोलत नाहीये तुमच्याशी, फक्त बघायला आलेय जिवंत आहात का." वन्संनी त्यांना टेबलाशी बसवलं आणि समोर पाकिटांचा ढीग ठेवला. जुडगी नाहीत, दोरा नाही. संच कधी चारचा, कधी सहाचा, कधी आठचा, आणि कुठला कुठे हे वन्संनाही माहीत नव्हतं. ते दुसऱ्या गावच्या एका सहकाऱ्याने परस्पर केलं होतं.

"ओळखून दाखवा."

"मला काय जुगारी समजता?"

"वॉर्डातली सगळ्यात चलाख बाई समजते."

सिस्टरनी बाह्या सावरल्या. तीन रविवार त्या येत होत्या. कागदावर रेघा मारत, पाकीट कानाशी हलवून बघत, शिक्का हुंगून बघत. दुसऱ्या रविवारी त्यांनी शोधून काढलं की डिंक पट्टीच्या पाकिटांना जास्त लागलाय, कारण ती चिठ्ठी जाड कागदाची आहे. वन्संनी टाळी दिली आणि सगळी पाकिटं फाडून नवी बनवायला घेतली. तिसऱ्या रविवारी सिस्टर चिडल्या. "अर्धी बरोबर, अर्धी चूक! याला काय अर्थ आहे? नाणं उडवलं तरी एवढं येतं!"

वन्सं इतक्या प्रसन्न मी क्वचित पाहिल्यात.

तिसरा अर्ज काल टाइप झाला. ह्यांनी चष्मा लावून वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीवर अडकले. तिथे लिहिलं होतं, की हा अभ्यास पुन्हा करणं आवश्यक आहे, कारण पहिल्या वेळी अर्जदाराकडून चिठ्ठ्यांच्या बांधणीत चूक झाली होती.

"ताई, हे कारण आहे ते ठीक. पण खाली घे ना. सातव्या-आठव्या मुद्द्यात. सुरुवातीलाच कोण आपले वाभाडे काढतं? याच ओळीने दोनदा परत आलाय."

"तिसऱ्यांदा आला तर चौथा याच ओळीने सुरू होईल."

"आणि निवृत्तीपर्यंत तू अर्जच करत बसणार?"

"दोन वर्षं आहेत. तीन आठवड्यांना एक धरला तर बरेच बसतात." त्यांनी ह्यांच्या हातातून कागद घेतला, खाली सही केली आणि लखोट्यात घातला. "वहिनी, तू उद्या बाजारात जाशील तेव्हा टाक हा. कुरिअरने नको, नोंदणी टपालाने. पोच हवी मला."

मी आज सकाळी टाकून आले. खिडकीवरच्या बाईने विचारलं, आत काय आहे? मी सांगितलं, "आमच्या वन्संची चूक आहे. जपून न्या."